विश्लेषण : बांध, तळे, दलदल… डच आडनावांत भूगोल कुठून आला?

फुटबॉलपटू व्हर्जिल व्हॅन डाइक आणि रफाएल व्हॅन डर व्हार्ट, तसेच १७व्या शतकातील चित्रकार योहानेस व्हर्मीर. या तिघांच्या आडनावांत नेदरलँड्सचा नकाशा दडलेला आहे. पहिल्याचा अर्थ ‘बांधाजवळचा’, दुसऱ्याचा ‘कालव्याजवळचा’ आणि तिसऱ्याचा ‘तळ्याजवळचा’.

अशी आडनावे कशी पडली?

एकाच गावात एकाच नावाची अनेक माणसे असत. मग ओळख पटवायला घराजवळची खूण कामी येई. ‘व्हॅन’ म्हणजे ‘चा’ किंवा ‘कडचा’. त्यापुढे डाइक (बांध), बोस (जंगल), व्हेन (दलदल) असे शब्द जोडले गेले. उत्तरेकडील फ्रिसलँड प्रांतात ‘स्ट्रा’ हा प्रत्यय लागतो. डाइकस्ट्रा म्हणजे बांधाजवळ राहणारा. टेर्पस्ट्रा हे नाव ‘टेर्प’वरून आले. बांध नव्हते तेव्हा पुरापासून वाचण्यासाठी लोक मातीचे उंचवटे रचून त्यावर घरे बांधत. तो उंचवटा म्हणजे टेर्प.

सपाट देशात ‘डोंगर’ कसा?

‘व्हॅन डेन बर्ग’ म्हणजे डोंगराकडचा. हे तिथल्या सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांपैकी एक. प्रत्यक्षात देशाचा सुमारे २६ टक्के भूभाग समुद्रसपाटीखाली आहे. मुख्य भूमीवरील सर्वात उंच ठिकाण, व्हाल्सरबर्ग, जेमतेम ३२२ मीटरचे. अशा मुलखात छोटी टेकडीही ‘बर्ग’ ठरते!

नेपोलियनचा संबंध काय?

१८१० मध्ये हा देश फ्रेंच साम्राज्यात सामील करण्यात आला. १८ ऑगस्ट १८११ च्या फर्मानाने प्रत्येकाला आडनाव नोंदवणे सक्तीचे झाले. लोकांनी फ्रेंचांची थट्टा म्हणून विचित्र नावे नोंदवली, असा किस्सा आजही सांगितला जातो. उदाहरण दिले जाते ‘नाक्टखेबोरेन’चे, म्हणजे ‘नग्न जन्मलेला’. मात्र हे आडनाव १८११ च्या आधीपासूनचे आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलासाठीच्या जर्मन शब्दाचा तो अपभ्रंश मानला जातो. शिवाय बहुतेक डच लोकांना तेव्हा आडनाव होतेच. वडिलांच्या नावावर भागवणारे लोक मुख्यतः उत्तर आणि पूर्व भागात होते.

आज या नावांचे महत्त्व काय?

नावे उरली, पण अनेक खुणा पुसल्या गेल्या. हार्लेमरमेर हे विशाल सरोवर वाफेच्या पंपांनी उपसून १८५२ मध्ये कोरडे करण्यात आले. ॲमस्टरडॅमचे स्खिपोल विमानतळ आज त्याच तळावर, समुद्रसपाटीच्या तीन मीटरहून अधिक खाली उभे आहे. अनेक टेर्प सुपीक मातीसाठी खणून नेण्यात आले, तर इंधनासाठी दलदलीची माती उपसल्याने काही ठिकाणी जमिनीची तळी झाली. बांध मात्र कायम आहेत, कारण ते फुटले तर देशाचा मोठा भाग पाण्याखाली जाईल. म्हणूनच ‘व्हॅन डाइक’ हे नाव आजही शब्दशः खरे आहे.