बसच्या तिकिटावर अडणारी व्यसनमुक्ती

दारूचे व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार होतात, हे आता खेड्यांतही पटू लागले आहे. मात्र ते एका फेरीत आटोपत नाहीत, हे घरच्यांना बहुधा तिसऱ्या-चौथ्या फेरीला, हातचे पैसे सरल्यावर कळते. कर्नाटकातील बीदर-औराद रस्त्यावरील जनवाडा हे गाव बीदर शहरापासून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर आहे, तरी या अंतराला फेऱ्यांनी गुणावे लागते, आणि प्रत्येक फेरीमागे रुग्णाचा व सोबत्याचा असे दोन रोज बुडतात. मांजरा नदीपलीकडून येणाऱ्या औरादकरांचा हिशेब तर याहून मोठा.

सर्वांत अवघड पहिली फेरी. डॉक्टर ज्याला विथड्रॉवल म्हणतात, म्हणजे सवयीची दारू अचानक तुटल्यावर शरीराने केलेला उठाव, त्यात काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि पुढे भ्रमही होतो. डॉक्टरांपुढे माणूस शुद्धीत न्यावा म्हणून घरचे आदल्या रात्रीच बाटली काढून घेतात आणि हा धोका नेमका बसमध्ये गाठतो. म्हणून वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू वैद्यकीय सल्ल्यावाचून एकदम तोडू नये.

कर्नाटकाच्या शक्ती योजनेने ११ जून २०२३ पासून राज्यातील महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत केला, त्यामुळे सोबत येणाऱ्या पत्नीचे तिकीट वाचते, पण रुग्ण बहुधा पुरुष असल्याने त्याचे भाडे उरतेच. मराठीतून मन मोकळे करता यावे म्हणून कोणी पुण्याचे, १९८६ साली सुरू झालेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र गाठले, तर उदगीर-लातूरमार्गे तो प्रवासच रात्रभराचा होतो, आणि घरी परतल्यावरचा पाठपुरावा वेगळाच.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणतातरी उपचार मिळतो. याला केवळ प्रवास कारणीभूत नाही. लाज आणि अज्ञानही आहेच. तरीही २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित विकारांनाही मानसिक आजारांत धरतो, रुग्णाला सेवेसाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, असे कलम १८ मध्ये स्पष्ट बजावतो. कागदावर हे उत्तम आहे.

हे प्रत्यक्षात कसे उतरते, याचा नमुना गोव्याने दाखवला. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, आणि गरज पडल्यास घरी जाऊन, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठका केल्या; तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले, तर नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. तीव्र व्यसनाधीनांना मात्र रुग्णालय लागतेच, तेवढी एक फेरी टळत नाही.

त्या फेरीआधी काय करावे, हे विचारण्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत उपलब्ध आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येते.