विश्लेषण : ‘मॅकिंटॉश’ जिथे जगाने पहिल्यांदा पाहिला, ते कॉलेज कुणाच्या पैशावर चालते?

२४ जानेवारी १९८४ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी पिशवीतून मॅकिंटॉश बाहेर काढला, तो व्हिडीओ तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. ते सभागृह अ‍ॅपलचे नव्हते, कुठल्या बड्या विद्यापीठाचेही नव्हते. क्युपर्टिनोतील डी अँझा या सरकारी कम्युनिटी कॉलेजचे ते फ्लिंट सेंटर. अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक काही काळ याच कॉलेजात शिकले. हे कॉलेज आणि शेजारचे फूटहिल कॉलेज मिळून ‘फूटहिल-डी अँझा कम्युनिटी कॉलेज डिस्ट्रिक्ट’ होतो.

‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे जिल्हा का?

आपल्याकडचा जिल्हा इथे डोळ्यांसमोर आणू नका. हे फक्त कॉलेजसाठी आखलेले क्षेत्र. त्यातील मतदार विश्वस्त निवडून देतात आणि त्यांच्या मालमत्ता करातील वाटा कॉलेजकडे जातो. कॅलिफोर्नियात असे ७३ डिस्ट्रिक्ट आणि ११६ कॉलेजे आहेत. अभ्यासक्रम दोन वर्षांचे. प्रवेश परीक्षा नाही, कटऑफ नाही. दोन वर्षे झाली की विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येते. डिप्लोमा करून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुले आपल्या वर्गात असायचीच, साधारण तशीच ही वाट.

सुरुवात कशी झाली?

१९०७ च्या कायद्याने कॅलिफोर्नियातील हायस्कुलांना बारावीपुढचे वर्ग चालवायची मुभा मिळाली. १९१० मध्ये फ्रेस्नोत असे पहिले वर्ग भरले. १९२१ मध्ये कॉलेजांसाठी स्वतंत्र डिस्ट्रिक्ट करण्याची सोय झाली. फूटहिलचा डिस्ट्रिक्ट मात्र युद्धानंतरचा, जानेवारी १९५७ मध्ये मतदानाने झालेला. तेव्हा आजच्या सिलिकॉन व्हॅलीत जर्दाळू आणि प्रूनच्या बागा होत्या. बागा तोडून घरे उभी राहत होती आणि त्या घरांतली मुले कॉलेजच्या वयाला येत होती. १९५८ मध्ये माउंटन व्ह्यूतील एका जुन्या शाळेत वर्ग सुरू झाले. १९६१ मध्ये लॉस आल्टोस हिल्समध्ये स्वतःची वास्तू मिळाली. तीही पुरेना, म्हणून १९६७ मध्ये डी अँझा उघडले.

मधल्या काळात, १९६० मध्ये राज्याने उच्च शिक्षणाचा ‘मास्टर प्लॅन’ आणला. वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांश विद्यार्थ्यांना स्टेट युनिव्हर्सिटी आणि कम्युनिटी कॉलेज मागेल त्याला.

मग पैशाची अडचण कुठे आली?

जून १९७८ मध्ये. ‘प्रपोझिशन १३’ मतदारांनी मंजूर केले आणि मालमत्ता कर घराच्या नोंदवलेल्या किमतीच्या एक टक्क्यावर आला. घर विकले जाईपर्यंत ती नोंद वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही. त्यामुळे एकाच गल्लीतल्या दोन सारख्या घरांचा कर आजही कित्येक पटींनी वेगळा असू शकतो. कॉलेजांचे स्थानिक उत्पन्न आटले, तिजोरीची किल्ली राज्याकडे गेली. तोवर मोफत असलेल्या शिक्षणाला १९८४ मध्ये शुल्क लागले. आज राज्यातील रहिवाशांसाठी दर युनिटला ४६ डॉलर आहे. फूटहिल-डी अँझात तिमाही पद्धत असल्याने ३१ डॉलर. अमेरिकेच्या मानाने हे अजूनही स्वस्तच.

इमारतींना पैसा, शिक्षकांना नाही?

हा सगळ्यात चमत्कारिक भाग. मार्च २०२० च्या एकाच मतपत्रिकेवर या डिस्ट्रिक्टचे दोन प्रस्ताव होते. ‘मेजर जी’ ८९.८ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांचा. ‘मेजर एच’ दर मालमत्तेमागे वर्षाला ४८ डॉलर कराचा. पहिला मंजूर झाला, दुसरा पडला! कारण कर्जरोख्यांना ५५ टक्के मते पुरतात, अशा कराला दोन तृतीयांश लागतात. आणि कर्जरोख्यांचा पैसा जमीन, इमारती, उपकरणे यांवरच खर्च करता येतो, पगारावर नाही. नवी प्रयोगशाळा बांधता येईल, पण तिथे शिकवणाऱ्याचा पगार त्यातून देता येणार नाही. वर राज्याचे अनुदान बऱ्याच अंशी विद्यार्थिसंख्येशी बांधलेले, आणि करोनानंतर राज्यभर कम्युनिटी कॉलेजांतील विद्यार्थिसंख्या झपाट्याने घसरली.

खुद्द फ्लिंट सेंटर तरी कुठे वाचले? सुमारे २,४०० आसनांचे हे सभागृह २०१९ मध्ये बंद करण्यात आले. २०१४ चे अ‍ॅपल वॉचचे अनावरणही इथलेच, पण दुरुस्तीचा खर्च झेपणारा नव्हता. आता खरा घोर निवाऱ्याचा आहे. युनिटला ३१ डॉलर देणाऱ्या विद्यार्थ्याला क्युपर्टिनोचे घरभाडे कसे परवडणार? म्हणून डिस्ट्रिक्टने विद्यार्थ्यांच्या राहण्यासाठी डी अँझाजवळचे एक अपार्टमेंट संकुल विकत घेतले. त्यात आधीच राहणाऱ्या भाडेकरूंचे काय, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला.

मराठी कुटुंबांशी काय संबंध?

क्युपर्टिनो, सनीव्हेल भागात मराठी घरे बरीच. एच-४ व्हिसावर असलेल्या जोडीदाराला काम करायला वेगळी परवानगी लागते, शिकायला लागत नाही. वर्षभराहून अधिक वास्तव्य कागदोपत्री दाखवता आले, तर एच-१बी आणि एच-४ धारकांना रहिवाशांचे शुल्क लागू होऊ शकते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा शाखा ठरावीक गुण मिळवणाऱ्या कम्युनिटी कॉलेज विद्यार्थ्यांना हमीचा प्रवेश देतात. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्या सहांत नाहीत. पुण्या-मुंबईहून एफ-१ व्हिसावर थेट इथे यायचा विचार असेल, तर ३१ डॉलरचा आकडा विसरा. परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क त्याच्या कित्येक पट आहे.