घड्याळ बांधायचे नव्हे, जुळवायचे!

जळगावात सूर्य माथ्यावर आला की धुळ्यात तो माथ्यावर यायला आणखी सुमारे ३ मिनिटे लागतात. धुळे पाऊण अंशाहून थोडे अधिक पश्चिमेला, आणि अंशामागे ४ मिनिटे, असा हा सरळ हिशेब. प्रमाणवेळ आल्यापासून ही ३ मिनिटे कुणाच्या खिजगणतीत नाहीत. मला मात्र ती एका घड्याळापायी चांगलीच भोवली!

घड्याळ वडिलांचे. एचएमटीचे ‘जनता’, रोज चावी द्यायचे. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला एचएमटीची मनगटी घड्याळे निघू लागली आणि कितीतरी घरांत पहिले घड्याळ आले ते हेच. २०१६ साली केंद्र सरकारने ती घड्याळकंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. वडील गेल्यावर त्यांचे घड्याळ आम्ही कपाटात टाकले. तिथे पडून पडून तेल सुकले नि ते थांबले. मनात आले, आपणच का उघडू नये?

पण वडिलांच्या घड्याळावर पहिला हात चालवण्याइतका मी धीट नव्हतो. म्हणून त्याच जातीची दोन बंद घड्याळे जुन्या बाजारातून आणली; एक शिकायला, दुसरे सुट्या भागांसाठी. हौशी माणसाने घड्याळ ‘तयार करणे’ म्हणजे चाकांचे दाते कापणे नव्हे. तयार भाग नीट जुळले तरी गंगेत घोडे न्हाले! परदेशातले नवशिके बहुधा युनिटास ६४९७ या यंत्रावर हात बसवतात. ते मूळचे खिशातल्या घड्याळाचे, ३६.६ मिलिमीटर रुंद. त्यामुळे भाग निदान डोळ्यांना दिसतात.

हत्यारे थोडीच: भिंग, चिमटा, बारीक पेचकस आणि खाली अंथरायला पांढरा कागद. जळगावसारख्या सराफांच्या गावात भिंगाला काय तोटा! खरी अडचण खानदेशच्या हवेची. वैशाखात पारा ४५ अंशांना टेकतो. पंखा लावावा तर धूळ चाकांत बसते; बंद ठेवावा तर कपाळाचा घाम यंत्रात टपकतो. म्हणून पावसाने धूळ बसल्यानंतरची ही दिवाळीची सुट्टीच या उद्योगाला उत्तम.

पहिला नियम असा की, आधी कमानीतला ताण सोडवायचा. खटका बाजूला धरून चावी बोटांतून हळूहळू उलटी फिरू द्यायची. मी नेमके हेच विसरलो. बॅलन्स काढला, पॅलेट उचलला आणि सारी चाके भर्रकन फिरून एकाचा आस मोडला! दुसऱ्या घड्याळातले चाक तेव्हा कामी आले.

दुसरा नियम तेलाचा. सुईच्या टोकावर राहील एवढेच तेल. जास्त झाले की ते पसरते आणि धूळ धरते. तिसरा नियम धुण्याचा. पॅलेटचे खडे लाखेने चिकटवलेले असतात. ते स्पिरिटमध्ये बुडवून ठेवले की लाख सुटते.

चौथ्या दिवशी बॅलन्स हलला. सेकंदाला ५ ठोके, दिवसाला ४,३२,०००! मी घरभर सर्वांना ऐकवत सुटलो. दुसऱ्या सकाळी पाहतो तो घड्याळ बरोबर ३ मिनिटे मागे. म्हणजे स्वारी रात्रीतून जळगावहून धुळ्याला पोचली होती!

मग बॅलन्सवरची काडी केसभर सरकवायची, एक दिवस थांबायचे, पुन्हा सरकवायची. घाई चालत नाही, कारण चुकीचा निकाल लागायलाच चोवीस तास जातात. आठवड्याने फरक ३० सेकंदांवर आला. दिवसाचे सेकंद ८६,४००; तेव्हा दहा हजारांत साडेतीनच चुकतात. इतका हिशेबी कारकून कुठे मिळेल?

त्यानंतरच वडिलांचे घड्याळ उघडले. या वेळी ताण आधी सोडवला. आता ते चालते. वडील सकाळच्या चहाआधी चावी देत. मीही तेव्हाच देतो.