एक ग्रॅम लोह, ६८ कोटी वर्षे

गंजातल्या लोहाच्या अणूला एक इलेक्ट्रॉन मिळाला, की फेरिक लोहाचं फेरस लोह होतं. यालाच क्षपण म्हणतात. एक ग्रॅम लोहात साधारण १०८ वर २० शून्यं इतके अणू असतात. म्हणजे इलेक्ट्रॉनही तितकेच हवेत.

ते पुरवतो गाळातला जिओबॅक्टर नावाचा जिवाणू. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डेरेक लव्हली यांनी १९८७ च्या सुमारास अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळातून तो वेगळा केला. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन आपण प्राणवायूला देतो. प्राणवायू नसलेल्या गाळात तो ते लोहाला देतो. पण गंज विरघळत नाही, पेशीत शिरत नाही. म्हणून इलेक्ट्रॉनच बाहेर न्यावे लागतात.

त्यासाठी याच कुळातल्या एका जातीकडे प्रथिनांच्या तारा आहेत. अशा एका तारेची अणुपातळीवरची रचना २०१९ मध्ये उलगडली. जाडी सुमारे ४ नॅनोमीटर. आपल्या केसाच्या जाडीत वीसेक हजार तारा शेजारी शेजारी मावतील. आत हीम नावाच्या रेणूंची रांग, प्रत्येकाच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. १० मायक्रॉन लांबीच्या तारेत साडेबारा हजारांहून जास्त हीम भरतात. दोन हीममधलं अंतर नॅनोमीटरहूनही कमी, म्हणून इलेक्ट्रॉन एकावरून दुसऱ्यावर सरकत जातात.

एक जिवाणू सेकंदाला काही लाख इलेक्ट्रॉन बाहेर टाकतो. पाच लाख धरले, तरी एक ग्रॅम लोहाला त्या एकट्याला सुमारे ६८ कोटी वर्षं लागतील. हेच काम १०० कोटी जिवाणू आठ महिन्यांत उरकतात. त्या सगळ्यांचं वजन जेमतेम एक मिलिग्रॅम, आणि एकाचे १०० कोटी व्हायला फक्त ३० वेळा दुप्पट व्हावं लागतं.

युरेनियमचंही क्षपण हे जिवाणू करतात. अणूमागे दोन इलेक्ट्रॉन. मग विरघळलेलं युरेनियम अविद्राव्य होतं. कोलोरॅडोतल्या रायफल इथे जुन्या युरेनियम गिरणीखालच्या भूजलात २००२ मध्ये ॲसिटेट हे त्यांचं खाद्य सोडलं. त्याचा एक रेणू आठ इलेक्ट्रॉन देतो. तिथलेच जिओबॅक्टर फोफावले, नऊ दिवसांत युरेनियम घटू लागलं आणि ५० दिवसांत काही विहिरींत ते ठरवलेल्या मर्यादेखाली आलं. पुढे सल्फेटवर जगणारे जिवाणू वरचढ झाले, तेव्हा युरेनियम पुन्हा वाढलं.

म्हणून बाहेरून जिवाणू आणण्यापेक्षा जमिनीतल्यांना योग्य खाद्य देणं, आणि त्यांची संख्या टिकवणं, हेच खरं काम आहे.