गोतास काळ

अकोटच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. नरनाळ्याचा किल्ला आणि मेळघाटचे जंगल येथून जवळ असल्याने ‘नरभक्षक’ म्हटले की या भागातील माणसाच्या डोळ्यांपुढे वाघ येतो. इंग्रजीतील ‘कॅनिबल’ या शब्दालाही मराठीत पुष्कळदा हाच प्रतिशब्द देतात. परंतु दोहोंच्या अर्थात मोठे अंतर आहे. माणसाला खाणारा वाघ नरभक्षक होय, कॅनिबल नव्हे. कॅनिबल म्हणजे आपल्याच जातीच्या जीवाला खाणारा. म्हणून ‘स्वजातिभक्षण’ हा शास्त्रीय लेखनातील शब्द अधिक नेमका आहे.

या शब्दाचा जन्म ऐकीव गोष्टीतून झाला. १४९२ मध्ये कोलंबस वेस्ट इंडीजच्या बेटांवर पोहोचला. शेजारच्या बेटांवरील कॅरिब लोक माणसे खातात, असे त्याच्या कानी आले. त्यांच्या नावाचाच एक उच्चार पुढे ‘कॅनिबल’ झाला आणि एका समाजाचे नाव जगभर दूषण म्हणून रूढ झाले.

निसर्गात या शब्दाचे उदाहरण अकोटच्या शिवारातच सापडते. कपाशीवरील हिरवी बोंडअळी, जी हरभऱ्यावर घाटेअळी म्हणून ओळखली जाते, ती स्वजातिभक्षक आहे. एका बोंडात दोन अळ्या आल्या की थोरली धाकटीला खाते. प्रयोगशाळेत या अळ्या वाढवताना प्रत्येकीसाठी वेगळा कप्पा ठेवावा लागतो. मात्र शेतकऱ्याला यात लाभ नाही. उरलेली अळी एका बोंडावरून दुसऱ्यावर जात नुकसान करीतच राहते.

माणसाच्या लोभाने हा प्रकार शाकाहारी गुरांवरही लादला. आपल्याकडे गुरांना सरकीची ढेप घालतात. ब्रिटनमध्ये गुरांच्याच मांस-हाडांची भुकटी त्यांच्या खाद्यात मिसळली जाई. १९८६ मध्ये तेथे ‘मॅड काऊ’ रोग ओळखला गेला आणि १९८८ मध्ये गुरांना असे खाद्य देण्यावर बंदी आली.

कारखान्यात आणि बाजारपेठेत हा शब्द लाक्षणिक अर्थाने वावरतो. बंद पडलेल्या यंत्राचे सुटे भाग काढून दुसरे चालवणे, यालाही इंग्रजीत हेच नाव आहे. एका पेढीचा नवा माल तिच्याच जुन्या मालाचे गिऱ्हाईक ओढून नेतो, तेव्हाही तोच शब्द येतो. काही वेळा हे जाणूनबुजून केले जाते: २००७ मध्ये ॲपलने आयफोन आणला, त्याने कंपनीच्याच आयपॉडची विक्री घटवली, तरीही एकूण व्यवहार वाढला.

व्यापारी कुटुंबाला हा अर्थ विशेष उपयोगी आहे. एकाच पेठेत घराचे दुसरे दुकान निघते, नव्या वहीत विक्री चढते आणि जुन्या वहीत उतरते. एक भाऊ कर्तबगार, दुसरा आळशी, असा बोल लागतो, मने दुरावतात. वास्तविक गिऱ्हाईक तेच असते, फक्त उंबरठा बदललेला असतो. म्हणून दोन्ही वह्या शेजारी ठेवून एकूण विक्री आणि एकूण खर्च पाहावा. बेरीज वाढली असेल तर वृद्धी झाली. ती तेवढीच राहून भाडे व पगार दुप्पट झाले असतील, तर दोष कोणा भावाचा नसून आखणीचा आहे. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही आपली म्हण हाच धोका सांगते. तो वेळीच ओळखला, तर दुकानाची फेरमांडणी करता येते आणि घर फुटत नाही.