रुळांवर फिरणारा डबा

मे महिन्यात वसईत दुपारी नळ सोडला की गच्चीवरच्या टाकीत तापलेलं पाणी हातावर येतं आणि हात आपोआप मागे जातो. घरी फिल्मचे रोल धुणाऱ्याचं सगळं गणित या पाण्यापासून सुरू होतं. कृष्णधवल डेव्हलपरची कोष्टकं २० अंश सेल्सिअस धरून बनवलेली असतात. वसईत त्या २० अंशांसाठी बर्फाचे खडे पिशवीत बांधून बादलीत सोडावे लागतात. रंगीत निगेटिव्हची सी-४१ प्रक्रिया मात्र ३७.८ अंशांवर चालते. थंड देशांतले हौशी लोक ज्या तापमानासाठी पाणी गरम करत बसतात, ते इथे उन्हाळ्यात अर्धंअधिक आयतं मिळतं. रंगीत रोल घरी धुणं अवघड, ही समजूत किनारपट्टीवर तरी तपासून पाहायला हवी.

खरी अडचण आहे ती तापमान टिकवण्याची. सी-४१चा डेव्हलपर ३ मिनिटं १५ सेकंद चालतो आणि त्याच्या तापमानात ०.१५ अंशाच्या फरकापलीकडे सूट नाही. फिल्म धुण्याचा डबा हातात धरून उलटासुलटा करत राहिलं तर तेवढ्या वेळातही तो निवतो. म्हणून डबा आडवा करायचा, कोमट पाण्याच्या टबात रुळांवर ठेवायचा आणि मोटरने फिरवायचा.

डबा आडवा झाला की रसायनही कमी लागतं. जोबो या जर्मन कंपनीच्या १५२० क्रमांकाच्या डब्यात ३५ मिलिमीटरचे दोन रोल मावतात. तो उभा ठेवून धुतलं तर ४८५ मिलिलिटर द्रावण लागतं, आडवं फिरवलं तर २४० पुरतं. डब्याच्या तळाशी द्रावणाचा लहानसा ओहोळ असतो आणि रिळावर गुंडाळलेली फिल्म त्यातून फिरत जाते. प्रत्येक फेऱ्यात तिचा प्रत्येक भाग एकदा बुडतो, एकदा वर येतो.

या बचतीत एक फसगत दडलेली आहे. २४० मिलिलिटरमध्ये डबा भिजतो, पण तेवढ्यात दोन रोल धुण्याइतकी ताकद असेलच असं नाही. कोडॅकच्या एक्सटॉल डेव्हलपरला एका रोलमागे किमान १०० मिलिलिटर मूळ द्रावण लागतं. निम्मं पाणी घालून २४० केलं तर त्यात मूळ द्रावण १२० भरतं. ते एका रोलला पुरेल, दोन रोलांना नाही. निगेटिव्ह फिकी निघाली की दोष मोटरला दिला जातो, आणि चूक असते मापाच्या भांड्यात. शिवाय सतत फिरताना द्रावणात हवा मिसळते आणि डेव्हलपर लवकर दमतो. कृष्णधवलच्या वेळेतही फेरफार करावा लागतो. आधी पाण्याने न भिजवता फिरवून धुतलं तर वेळ १५ टक्क्यांपर्यंत कमी करावी, असं इल्फर्ड कंपनी सांगते.

जोबोची तयार यंत्रं उत्तम, पण महाग. जुन्या बाजारात कधीकधी अमेरिकेतले युनिकलर किंवा बेसलरचे मोटर-बेस मिळतात. ते मुळात रंगीत कागदाच्या प्रिंटसाठी बनले होते. प्रिंट आत बसवायचा ड्रम त्यावर ठेवत, फिल्मचा विचार नंतर आला. ते आपल्या २३० व्होल्टवर थेट लावले तर जळतात. ट्रान्सफॉर्मर लावला आणि आतली मोटर सिंक्रोनस असली, तर ६० हर्ट्झची चाल इथल्या ५० हर्ट्झवर एक षष्ठांशाने मंदावते. जो बेस एकाच दिशेने फिरतो, त्याने फिल्मवर प्रवाहाचे पट्टे उमटण्याची भीती असते. त्यावर जुना, साधा उपाय आहे: दर अर्ध्या मिनिटाने डबा उचलायचा आणि त्याचं तोंड दुसऱ्या टोकाकडे करून परत ठेवायचा.

त्यापेक्षा नवा बेस बनवणं सोपं, आणि त्यासाठी वसईसारखी जागा नाही. पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे इथल्या गाळ्यांमध्ये लेथ आहेत, प्लास्टिकचे साचे आहेत, नायलॉनचे रॉड कापणारे हात आहेत. गिअरवाली १२ व्होल्टची मोटर आणायला लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो. बाकी सामान म्हणजे ८ मिलिमीटरचे दोन दांडे, त्यांवर ६०८ क्रमांकाची बेअरिंगं आणि रबराची नळी चढवलेले रूळ. हिशेब शाळेतल्या गणिताचा. रुळाचा व्यास २५ मिलिमीटर, डब्यावरच्या कड्याचा १०० आणि मोटर मिनिटाला २०० फेऱ्यांची असेल, तर डबा ५० फेरे घेतो. मोटर १२ व्होल्टचीच हवी. पाण्याच्या टबाशेजारी घरगुती वीज खेळवू नये.

पॅटरसनचा डबा सर्वांत सहज मिळतो, पण तो रुळांसाठी घडलेला नाही. त्याचं अंग निमुळतं आणि झाकण रुंद, त्यामुळे आडवा ठेवला की तो कलतो. कलला की द्रावण एका टोकाला जमतं आणि दुसऱ्या टोकाची फिल्म अर्धवट भिजते. म्हणून दोन्ही टोकांना जाड रबरी कडी चढवायची, बाहेरून दोघांचा व्यास एक येईपर्यंत. गवंडी लादी बसवताना जशी पाणसळ लावतो, तशी ती डब्यावर ठेवायची. बुडबुडा मध्यावर आला तरी डबा फिरताना रुळांवरून सरकत टोकाकडे जातोच, म्हणून तिथे एक अटकाव लागतो. टबात पाणी जास्त झालं तर डबा तरंगतो, रुळांवरची पकड सुटते आणि मोटर रिकामी फिरत राहते. पाणी डब्याला जेमतेम टेकेल एवढंच ठेवायचं. ही पातळी पुस्तकात मिळत नाही, दोनचार वेळा हुकल्यावरच हाताला बसते.

ही खटपट महाराष्ट्राला नवी नाही. १८९९ मध्ये सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईत हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली, तेव्हा ती फिल्म धुवायला इंग्लंडला पाठवावी लागली होती. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके यांनी लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा विकत घेतला आणि परतल्यावर ते दादरच्या घरातच फिल्म धुऊ लागले. फिल्मच्या कडांना छिद्रं पाडणं, रसायनं कालवणं, धुणं या कामांत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचा हात होता. तेही अंधारात, घरातली माणसं आणि सेटवरचे लोक यांचं जेवणखाण सांभाळून. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागलेला फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३७०० फूट होता. आजच्या ३६ फोटोंच्या रोलच्या हिशेबात ते जवळपास सातशे रोल भरतात. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. नायलॉनचा रूळ लेथवर लावणारा माणूस याच घराण्यातला आहे. सरस्वतीबाईंचं नाव तर घरी रोल धुणाऱ्या प्रत्येकाने आधी घ्यायला हवं.

प्रत्यक्ष धुलाईचा दिवस शांत असतो. बाटल्या टबात तापत ठेवलेल्या असतात. काळ्या पिशवीत हात घालून रोल रिळावर चढवायचा. घामाने बोटं ओली असतील तर फिल्म चिकटते, म्हणून हे काम सकाळीच उरकलेलं बरं. मग रिकामा डबा पाच मिनिटं फिरू द्यायचा, म्हणजे तोही पाण्याइतका तापतो. डेव्हलपर ओतला की खरी घाई सुरू होते. सव्वातीन मिनिटांत ओतणं आणि काढणं दोन्ही आलं. मोटर काही सेकंद एका दिशेने घुमते, क्षणभर थांबते, मग उलटी. आतल्या पाण्याची चुळबुळ ऐकू येते. ब्लिक्स, म्हणजे ब्लीच आणि फिक्सरचं एकत्र द्रावण, घातल्यावर आत वायू तयार होतो, म्हणून झाकण मध्येच सैल करायचं. नाहीतर ते स्वतःच उडतं आणि ओट्यावर तपकिरी डाग पडतात.

वापरलेल्या फिक्सरमध्ये आणि ब्लिक्समध्ये चांदी उतरलेली असते. पश्चिमेच्या वाड्यांमध्ये अजून विहिरी आहेत, काही गावांत बावखलं, म्हणजे पाण्याची तळी, टिकून आहेत. तिथल्या मातीत हे पाणी जाता कामा नये. ते वेगळ्या कॅनमध्ये साठवायचं आणि चांदी काढणाऱ्याकडे द्यायचं. हे न करणाऱ्याने घरी रोल धुऊ नयेत.

बोअरच्या पाण्याचे क्षार फिल्मवर ठिपके सोडतात. कृष्णधवल रोलचं शेवटचं धुणं बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यात करायचं आणि रंगीत रोलचं स्टॅबिलायझरही त्याच पाण्यात कालवायचं. मग न्हाणीघरात पंखा बंद ठेवून पट्टी टांगायची, खाली चिमटा लावायचा. पावसाळ्यात ती वाळायला फार वेळ घेते.

अर्नाळ्याचा किनारा असो की वसईचा किल्ला, पट्टीवर काय उमटलंय ते लगेच पाहायचं नाही. पट्टी उजेडाकडे धरायची आणि आधी कडा पाहायच्या. छिद्रांच्या शेजारी गडद पट्टे नाहीत ना, पहिल्या चौकटीचं आकाश आणि शेवटच्या चौकटीचं आकाश सारखंच दाट आहे ना. तेवढं जमलं असेल तर मगच डोळे आत, चित्राकडे वळतात.