मामाचा तलाव

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी आठ दिवस मामाच्या गावी राहून आलो. गाव नवेगावबांध, तालुका अर्जुनी-मोरगाव, जिल्हा गोंदिया. १९७५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. कै. मारुती चितमपल्ली यांचे 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक ज्यांनी वाचले आहे, त्यांना या गावाची ओळख करून देण्याची गरज नाही.

पहिल्याच सकाळी मामाबरोबर पाळीवर गेलो. चहूकडे डोंगर, मध्ये अफाट पाणी आणि त्यावर धुके! मी कॉलेजच्या भाषेत म्हणालो, "मामा, काय ही निसर्गाची किमया!"

मामा जाळे सोडवता सोडवता हसला. "निसर्गाची कायची रे भाच्या? तू उभा आहेस ते काय आहे मंग?"

मी ज्या पाळीवर उभा होतो, ती माणसांनी घातलेली होती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधली वाट मातीने अडवून हा तलाव बांधला, असे सांगतात. भोवतालच्या सात डोंगरांना 'सात बहिणी' म्हणतात. या बहिणींनी कोलू पाटलांना बांधकामात हात दिला, अशी लोकांची श्रद्धा आहे. पुढे पाटीलही 'कोलासूर देव' झाले. तलाव बांधणाऱ्या माणसाला देव करणारी ही माणसे मला फार मोठी वाटली.

लहानपणी मला 'मामा तलाव' म्हणजे माझ्याच मामाचा तलाव वाटे! खरे तर 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची आद्याक्षरे घेऊन ते नाव झाले. मालगुजारी १९५१ मध्ये संपली आणि तलाव सरकारकडे गेले. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत.

त्यांची रचना साधी, पण हुशारीची आहे. उताराच्या बाजूला मातीची पाळ असते. जास्तीचे पाणी निघून जाण्यासाठी सांडवा असतो. धानाला पाणी सोडण्यासाठी पाळीत तुडुम बसवतात. तुडुमाला वरपासून खालपर्यंत भोके असतात. पाणी जसे उतरेल, तसे खालचे भोक उघडायचे. वरच्या तलावाचे जादा पाणी ओढ्याने खालच्या तलावात जाते. अशी तलावांची माळच असते.

मामा म्हणाला, "तलाव म्हंजे नुसतं पाणी नोहे." काठच्या उथळ पाण्यात देवधान, कमळ आणि इतर पाणवनस्पती वाढतात. त्यांत मासे अंडी घालतात, आणि त्यांच्यावरच हिवाळी पाखरे जगतात. जंगल राखले आणि तलाव गाळाने भरू दिला, तर पाखरे कशासाठी येतील? कित्येक तलावांत आज गाळ साचला आहे आणि काठावर बेशरम माजली आहे. बाहेरचे मत्स्यबीज सोडू लागल्यापासून गावठी मासे कमी झाले, असे मामा सांगतो. पण याच तालुक्यातल्या काही तलावांत ढीवर बायामाणसांनी बेशरम उपटून पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. कोणती वनस्पती चिखलात रुजते आणि कोणती खोल पाण्यात, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते.

आता एक गोष्ट कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. प्रवेशाच्या वेळी वडिलांचा व्यवसाय विचारला, तेव्हा मी 'शेती' असे सांगितले. आमच्याकडे गुंठाभरही शेती नाही. आम्ही ढीवर. वडील मासे धरतात. मित्रांसमोर ते सांगायची मला लाज वाटली होती.

निघायच्या दिवशी मामीने सुकवलेल्या मासोळ्यांचे पुडके पिशवीत घातले. मागच्या वर्षी वास येईल म्हणून मी ते घरीच ठेवून आलो होतो. या वेळी वसतिगृहात नेले आणि खोलीतल्या मित्रांना वाढले. "कुठून आणले?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी कोलू पाटलांपासून सुरुवात केली आणि माझ्या वडिलांच्या जाळ्यापर्यंत येऊन थांबलो.

वाचकहो, नवेगावबांधला जरूर जा. पाखरे पाहा, जंगल पाहा. पण आपण ज्या पाळीवर उभे आहोत ती कोणी घातली, एवढे मात्र विचारा.